वरून ओतलेलं पाणी नको

(पुण्यातल्या एका वस्तीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जे निसटलं ते लिहिताना भरून काढलंय.)



मी गोदीत पोती उचलणारा माणूस. कविता लिहितो, पण आज कविता म्हणायला उभा नाही. आज हिशेब मांडायचाय. माझा हिशेब पोत्यांचा असतो, तेव्हा पाण्याचा हिशेबही पोत्यांतच मांडतो.

एक लिटर पाणी म्हंजे एक किलो वजन. केंद्र सरकारचं पाणीपुरवठ्याचं १९९९ सालचं नियमपुस्तक आहे. त्यात गटारं असलेल्या शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी लिहिलंय. त्याच पुस्तकात सार्वजनिक नळावर रांग लावणाऱ्याला लिहिलेत ४० लिटर. माणूस तोच, तहान तीच, घामही तोच. आपल्या घामाला जरा जास्तच पाणी लागतं म्हणा. तरी ४०.

बरं, ४० तर ४०. घरात पाच माणसं. झाले २०० लिटर, म्हंजे २०० किलो. पन्नास किलोची चार पोती. ही चार पोती रोज कोण उचलतं? गोदीत उचलली तर मजुरी पडते, कमी पडली तर भांडता येतं. वस्तीत ती आई उचलते, बहीण उचलते, चौथीतली पोर उचलते. तिला ना हजेरी, ना मजुरी, ना सुट्टी. पलीकडच्या इमारतीत पाच माणसांना ६७५ लिटर म्हंजे साडेतेरा पोती पाणी चौथ्या मजल्यावर चढतं आणि घरातल्या एकाच्याही खांद्याला वळ उठत नाही. तोटी फिरवली की झालं. ह्या तोटीला मी सत्ता म्हणतो.

आता कुणी म्हणेल, पाणीच कमी आहे त्याला कोण काय करणार. पुण्याच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आहेत. चारी भरली की साधारण २९ टीएमसी पाणी होतं. त्यात दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याचाही वाटा आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. आपलं भांडण आहे शहराच्या आत पाणी कुणाच्या दारात जातं आणि कुणाच्या गल्लीच्या तोंडाशी थांबतं याच्याशी. दुष्काळ आभाळातून पडतो. टंचाई मात्र कचेरीत तयार होते.

ह्या शहराचा आणि आपला पाण्याचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यानं कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळानं पाणी शहरात आणलं. शनिवारवाड्यात आणलं, पेठापेठांत हौद भरले. कारागिरी उत्तमच. ती दगड फोडणाऱ्या, चुना मळणाऱ्या हातांची. पण त्याच पेशवाईत पुण्यातल्या अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय. ध्यानात घ्या, ह्या शहरानं आपल्याला पहिलं भांडं दिलं ते पाणी प्यायला नव्हे, थुंकायला.

मग १८६८ साल आलं. गंज पेठेत, आजच्या महात्मा फुले पेठेत, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ह्या गोष्टीवर आपण टाळ्या वाजवतो आणि पुढं जातो. जरा थांबू. तोवर रीत काय होती? आपली बाई विहिरीपासून लांब बसायची. कुणाला दया आली तर तो वरून तिच्या मडक्यात पाणी ओतायचा. नाही आली तर ऊन डोक्यावर येईस्तोवर बसून राहायचं. त्या रीतीत पाणी मिळतही होतं, पण मिळणाऱ्याचा हात पाण्याला लागत नव्हता. जोतीरावांना ओतता आलं असतं. दारात उभं राहून रोज शंभर मडकी भरून दिली असती तरी लोकांनी त्यांना संत म्हटलं असतं. त्यांनी ओतलं नाही. त्यांनी सांगितलं, हौद इथं आहे, या आणि भरून घ्या. ओतणं आणि खुलं करणं यात जे अंतर आहे तेवढीच आपली चळवळ आहे.

पुढचं महाड. तारखा नीट बघा. ४ ऑगस्ट १९२३ला मुंबई विधिमंडळात भंडारी समाजातल्या सीताराम केशव बोल्यांचा ठराव पास झाला : सरकारी पैशावरचे पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं झाल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं. तरी आपल्या एकाही माणसाच्या ओठाला थेंब लागला नाही. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा ते खुलं झालं. त्यावर सवर्णांनी लोकांची डोकी फोडली आणि तळ्यात शेणमुताचे १०८ घडे ओतून ते 'शुद्ध' केलं. ज्यांना शेणानं पाणी शुद्ध होतं असं वाटायचं ते आपल्याला घाणेरडे म्हणत होते! कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. ठरावाला ओल नसते दोस्तांनो. ठराव आणि पाणी यांच्या मधल्या जागेत आपण राहतो. आपल्या वस्त्या तिथंच वसल्यात.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट सगळ्यांना खुले म्हणून लिहिलं गेलं. तरी १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून आपल्या बायांची विटंबना झाली. त्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली, आणि ह्याच पुण्यातून निघणाऱ्या 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या अंकात राजा ढालेंचा लेख येऊन महाराष्ट्र पेटला. म्हंजे पँथरच्या जन्मातही पाणी आहे. ते विसरून आपण नुसत्या घोषणा देत बसलो तर घसा आपलाच कोरडा पडेल.

आता पर्वतीवर या. पुस्तक नको, हा एक डोंगर वाचला तरी पुरे. माथ्यावर पेशव्यांचं देऊळ. १९२९च्या ऑक्टोबरात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांनी त्याच्या पायऱ्यांवर सत्याग्रह केला तेव्हा दगड बरसले. पायथ्याला महानगरपालिकेचं पर्वती जलकेंद्र, शहराला पाणी शुद्ध करून पाठवणारं. उतारावर जनता वसाहत. आणि कडेनं वाहतो मुठा कालवा. देव वर, पाणी खाली, आणि मध्ये आपण हंडे घेऊन. २७ सप्टेंबर २०१८ला हा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला. ज्या झोपड्यांत पाणी यायला रांगा लागतात तिथं ते न बोलावता गळ्याएवढं शिरलं. भांडी गेली, पोरांची पुस्तकं गेली, रेशनकार्डं गेली. कारण काय, तर जलसंपदा मंत्र्यांनी सांगितलं, उंदीर, घुशी, खेकड्यांनी कालवा पोखरला. बिचाऱ्या घुशी! त्यांना ना वकील ना पत्रकार. ह्या शहरात नळाचं पाणी आपल्याला शोधत येत नाही, पुराचं पाणी मात्र पत्ता न विचारता येतं.

आणि पाणी आलं म्हंजे संपलं असंही नाही. कसलं आलं ते बघा. दोन तास पाणी, बावीस तास पाइप रिकामा. रिकामा पाइप स्वस्थ बसत नाही, आत ओढ घेतो. आपल्याकडं पाइप जातो गटारातून. कुठं सांधा गळका असला की बावीस तास गटार आत झिरपतं आणि दोन तासांत ते आपल्या हंड्यात उतरतं. मग पोराला जुलाब, मग औषध, मग बुडालेला रोज. पाणी उकळून प्या म्हणतात. प्याच, तोवर दुसरा इलाज नाही. पण उकळायच्या गॅसचे पैसे कोण भरणार, हे सांगणारा आरोग्याचा फलक मी अजून पाहिला नाही.

जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, खडकवासला इथं जीबीएसचे रोगी निघाले. हातापायातली ताकद जाते, काहींना श्वासाचं यंत्र लावावं लागतं. आकडा दोनशेच्या वर गेला, माणसं दगावली. रोग्यांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला आणि बोट पाण्याकडं वळलं. ही गावं २०२१ साली पालिकेच्या हद्दीत घेतलेली. कर लागू झाला, पण शुद्धीकरण केंद्र काही आलं नव्हतं, विहिरीतलं पाणी जंतुनाशक टाकून सोडत होते. खडकवासल्याच्या नावानं सगळं पुणं पाणी पितं आणि खडकवासला गावाला धड पाणी नाही! तिथं फ्लॅटवालेही आजारी पडले. जंतूला जात कळत नाही. म्हणून त्या वेळी वर्तमानपत्रं जागी झाली. तेच पाणी वस्तीत वर्षानुवर्षं पितात तेव्हा ती बातमी नसते.

मग आपल्याला नळ का नाही? आज कुणी तोंडावर म्हणत नाही की तुझी सावली पडेल. आज विचारतात : वस्ती घोषित आहे का? जमीन कुणाची? कुठल्या सालापासून राहता? विटाळाची जागा तारखेनं घेतली. आमच्या गोदीला लागून, बंदराच्या जमिनीवर कौलाबंदर वस्ती आहे. तिच्यावर २०१३ साली एक अभ्यास छापून आला. जमीन केंद्राची म्हणून पालिकेचं पाणी नाही, लोक खासगी नळीवाल्याकडून विकत घेतात, आणि पालिकेच्या दराच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजतात. म्हंजे झोपडपट्टीवाला फुकटं पाणी पितो असं जे मध्यमवर्ग म्हणतो ते साफ खोटं आहे. सगळ्यात महाग पाणी आपण पितो, तेही सगळ्यात घाण.

ह्या तारखेच्या विटाळाविरुद्ध मुंबईत पाणी हक्क समिती कोर्टात गेली. १५ डिसेंबर २०१४ला उच्च न्यायालयानं सांगितलं की पाणी हा एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली म्हणून माणसाचं पाणी तोडता येत नाही. त्याच निकालात असंही आहे की कायदेशीर घरासारखंच आणि त्याच दरानं द्यावं असं नाही. म्हंजे अर्धी भाकरी. पण ती हातात घेऊन उरलेली मागायची. कोर्ट पुण्यालाही तेच आहे, एकविसावं कलमही तेच आहे.

आता कडू बोलतो, राग धरू नका. टँकर येतो, त्यावर पुढाऱ्याचा फोटो असतो, आपल्यातलाच एखादा पोरगा पाइप धरून उभा असतो आणि कुणाच्या पिंपात आधी ओतायचं ते ठरवतो. ओळखीची रीत वाटते का? बाई मडकं घेऊन बसलीय आणि कुणीतरी वरून ओततोय. माणूस बदलला, मडक्याचं प्लॅस्टिकचं पिंप झालं, रीत तीच. पाइप फुटला तर एक-दोन दिवस टँकर ठीक. वर्षानुवर्षं टँकर म्हंजे दया, आणि दयेला मत द्यावं लागतं. आपण १४ एप्रिलला पाणपोई लावतो, लावा. २० मार्चला महाडला जातो, जा. पण तळ्याकाठी फोटो काढून परत यायचं आणि पहाटे तीनला आई नळावर गेली की कूस बदलून झोपायचं, ही बाबासाहेबांची वाट नव्हे. पाण्यावाचून मरू म्हणून ते तळ्यावर गेले नव्हते. आपण माणसं आहोत हे ठरवायला गेले होते.

तेव्हा कामाचं बोलू.

पहिलं, गल्लीगल्लीचा नकाशा काढा. एका नळावर किती घरं, पाणी किती वाजता, किती वेळ, पाइप कुठं गटारातून जातो. वहीत लिहा, तारीख घाला. दुसरं, पाणी तपासा. क्लोरीन बघायचे ओटी नावाचे थेंब मिळतात. पाण्यात टाकले की पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर समजा नुसतंच पाणी सोडलंय. शेवटच्या नळालाही लिटरमागं निदान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरायला हवा. दुसरी एक बाटली मिळते. पाणी भरून दिवस-दोन दिवस ठेवायची, काळी पडली की मैला मिसळल्याची शंका पक्की. ती काळी बाटली घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा, अर्ज द्या, आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. तिसरं, माहितीच्या अधिकारात विचारा की आपल्या टाकीतून कुठल्या भागाला रोज किती पाणी जातं. चौथं, मागणी टँकरची नको, पाइपाची करा. गटाराबाहेरून जाणारा पाइप, घराला नळ, आणि आपल्या नावाचं बिल. हो, बिल. आपण भरू. फुकट नको म्हणूनच उभे आहोत. आणि जातीवरून कुणी नळ अडवला तर १९८९चा अॅट्रॉसिटी कायदा आणि त्याची २०१५ची दुरुस्ती त्यासाठीच आहे, हे ठाणेदाराला माहीत नसेल तर आपल्याला असावं.

आणि ह्या कामात पुढं बाया असू द्या. वजन त्यांनी उचललंय, तेव्हा बोलायचा पहिला हक्क त्यांचा. आपण पोरांनी वही धरावी आणि हंडाही.

ज्या वस्तीत बौद्ध आहेत तिथं मातंग आहेत, मुसलमान आहेत, भटके आहेत, बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आलेल्यांची नातवंडं आहेत. नळाच्या रांगेत ही सगळी एकमेकांशी भांडतात, कारण पाणी रांगेच्या शेवटापर्यंत पुरत नाही. ज्या दिवशी ही रांग आपापसात भांडायची सोडून, जशी आहे तशी हंड्यांसकट उठून पालिकेच्या दारात जाऊन उभी राहील, त्या दिवशी पुण्याला दुसरं महाड दिसेल.

जयभीम.