सिमेंटकडून सॉफ्टवेअरकडे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "मुलाला कॉम्प्युटर ब्रँच मिळत नाहीये गं, जास्त पैसे भरून सीट घ्यावी का?" उत्तर सगळ्यांसमोरच देते.

मी सिव्हिल इंजिनीअर. वर्षभर बांधकामाच्या साइटवर काम केलं, साठवलेल्या पैशांतून संगणकाचा सहा महिन्यांचा डिप्लोमा केला आणि सॉफ्टवेअरमध्ये आले. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "मग ती चार वर्षं कशाला घालवलीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज आहे. काँक्रीटचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे पाण्यात ठेवतात आणि २८ व्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडतात. ओतलेला स्लॅब खोडून पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून भार किती येईल, तडा कुठे जाईल, याचा विचार आधी. आयएस ४५६ या मानकानुसार तर हिशेबात काँक्रीटची ताकद १.५ ने भागूनच धरायची.

सॉफ्टवेअरमध्ये आजची चूक उद्या दुरुस्त करता येते, म्हणून हयगय शिरते. पगाराच्या दिवशी सगळे ग्राहक एकदम आले तर? पैसे एका खात्यातून गेले आणि दुसऱ्यात पोचण्याआधी सर्व्हर बंद पडला तर? हे प्रश्न टीममध्ये मी आधी विचारते. ती सवय साइटवरची.

पण ही वाट स्वस्त नाही. सहा महिन्यांत प्रोग्रामिंगची भाषा येते. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, नेटवर्क मला नोकरी सांभाळून रात्री शिकावं लागलं, तेही वयाने लहान सहकाऱ्यांना विचारून, आणि पगार पुन्हा पहिल्या पायरीपासून.

म्हणून मैत्रिणींनो, सीटसाठी कर्ज काढू नका. सुट्टीत मुलाला एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहू द्या. तो चालला नाही की चूक शोधण्यात मूल जेवण विसरतं का, ते पाहा. विसरलं, तर दुसऱ्या ब्रँचमधूनही ते इथवर येऊ शकेल. कंटाळलं, तर विकत घेतलेली सीट त्याला तारणार नाही.

आणि बाई, उत्तर बरोबर असूनही पायऱ्या नाहीत म्हणून तुम्ही कापलेले गुण आठवतात. दुसऱ्याला वाचता येईल असं लिहायचं, हे मी तुमच्याच तासाला शिकले. त्याचा पगार आजही मिळतो आहे.