पेठेची वही, गावाची वही

(शाहूवाडी तालुक्यातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय आहे लहान गावातला व्यापारी नगराध्यक्ष. सकाळी दुकान उघडायचं आणि दुपारी नगरपालिकेच्या सभेत अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं, असं आयुष्य जगलेली माणसं महाराष्ट्राच्या कितीतरी तालुक्यांच्या गावांत होऊन गेली. मंत्र्यांची चरित्रं निघतात. कोणत्या आळीत नळ आधी जाणार हे ज्यांनी ठरवलं, त्यांची मात्र निघत नाहीत. गावाचं रोजचं जगणं ज्यांच्या हातात होतं, त्यांच्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

शाहूवाडी तालुक्यात नगरपालिका आहे ती मलकापूरला. पाच-साडेपाच हजार वस्तीचं हे गाव. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर विशाळगडाची तटबंदी पाडली गेली आणि पंत प्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं मलकापूरला आलं. घाटवाटांनी कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. देशावरचं धान्य, गूळ, मिरची खाली जायची. आसपासच्या रानातला हिरडा बाजारात यायचा. अशा पेठेतला दुकानदार नुसता माल विकत नाही. शेतकरी मिरगाच्या तोंडावर उधारीने सामान नेतो, भात झोडून झालं की खातं फेडतो. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा बैल मेला, कोण यंदा अडचणीत आहे, हे दुकानदाराला सगळ्यांआधी कळतं. ही माहिती त्याचं मोठं बळ आहे. नगराध्यक्ष झाल्यावर ती गावाच्या कामी येते, किंवा गावाला धाकात ठेवण्याच्या.

व्यापाऱ्याने गाव चालवण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून आहे. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर सरकार कौल देई. सुरुवातीची काही वर्षं सूट, पुढे दरसाल थोडी थोडी चढती आकारणी. तिला इस्तावा म्हणत. पेठेचा शेटे व्यापारी आणून त्यांना जागा देई आणि महाजन त्याच्या जोडीला असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त साहुकार ही राज्याची शोभा मानली आहे, त्यांना सन्मानाने आणावं, पेठा वसवाव्यात, असं सांगितलं आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही पेठ वसवली तीही याच शहाणपणातून. पण शेटेपण आणि महाजनकी ही वतनं होती, बापाकडून मुलाकडे जाणारी. पेठेतल्या माणसाला शेटे बदलायचा अधिकार नव्हता.

नगरपालिका आली आणि हळूहळू हा अधिकार आला. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. ब्रिटिश मुलुखात १८८२ च्या रिपन यांच्या ठरावाने लोकनियुक्त सभासदांना वाट मिळाली. त्याच सुमाराला पुण्याच्या नगरपालिकेत एक कंत्राटदार सभासद होता, जोतीराव फुले. बांधकामाची कंत्राटं घेणारा हा व्यावसायिक पैशाची किंमत जाणत होता. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. लाखोंच्या खर्चाची नवी मंडई बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडई १८८६ मध्ये उघडली आणि आज तिला त्यांचंच नाव आहे. मला त्यांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: गावाच्या तिजोरीतला रुपया कोणाकडून आला आणि कोणाकडे चालला?

अध्यक्ष चांगला असला तरी पेठ सोबत नसेल तर काय होतं, ते महाडने दाखवलं. सावित्रीकाठची ही व्यापारी पेठ. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात झाला. त्यानंतर सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं. पण कागदावरचा ठराव पाण्यापर्यंत पोचला नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जावं लागलं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. टिपणीस आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले, पण गाव त्यांच्यासोबत उभं राहिलं नाही.

आता आपल्या दिवसांकडे येऊ. एके काळी जकात हा नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. ती भरणारा व्यापारी आणि तिच्यावर गावाचा खर्च भागवणारा नगराध्यक्ष एकच असला की त्याच्या मनाची परीक्षा नाक्यावर रोज होत असे. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, परीक्षा राहिलीच. करआकारणीची चतुर्थ वार्षिक फेरपाहणी आली की बाजारपेठेतल्या गाळ्यांचा कर वाढवायचा का, हे तिथे दुकान असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. गटार काढायचं तर कोणाची पायरी तोडायची, अतिक्रमण हटवायचं तर सुरुवात कोणाच्या फळीपासून, हे प्रश्न त्याच्या शेजाऱ्यांचे आणि गिऱ्हाइकांचे असतात. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार नगरपरिषदेच्या कंत्राटात हितसंबंध असलेला माणूस सभासद राहण्यास अपात्र ठरतो. ही कायद्याची किमान अट आहे. नीतीची अट याहून कडक हवी.

व्यापारी माणसाने या पदापासून दूर राहावं असं मी म्हणत नाही. रोजचा हिशेब रोज मिळवणं, शब्द पाळणं, वर्षभराचं आधी पाहणं हे गुण नगरपालिकेला फार लागतात. मात्र दुकानाची वही मालकाची असते आणि ती खाजगी ठेवायचा त्याला हक्क आहे. गावाची वही सगळ्यांची आहे. ज्याच्या नावावर एक गुंठा जागा नाही, जो उधारीवर जगतो, त्याचीही ती तेवढीच आहे. तिच्यात काय लिहिलंय हे विचारणाऱ्याचं दुकानातलं खातं बंद होता कामा नये.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. तरुण व्यापाऱ्यांनी निवडणुकीला उभं राहावं, आणि उभं राहताना आपला धंदा व नगरपालिका यांचा कुठे संबंध येतो ते गावासमोर जाहीर सांगावं. आणि मतदारांनी मत देण्याआधी अंदाजपत्रक मागून वाचावं, न समजलेली बाब उमेदवाराला विचारावी. खालच्या आळीतल्या बाईने भर सभेत हिशेब विचारला आणि नगराध्यक्षाने तिला आकड्यानिशी उत्तर दिलं, तर त्याच्या पदाचं सोनं झालं असं मी म्हणेन.