बोर्डो मलम करताना चुना जपून हाताळा
(संत्रा बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



डिंक्या रोगासाठी संत्र्याच्या बुंध्याला पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बोर्डो मलम लावावे, हे आपणांस नव्याने सांगायला नको. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाणही पाठ आहे. मोरचूद विषारी म्हणून आपण ते उंचावर ठेवतो. चुना मात्र पानाच्या डब्यातला, घरचाच वाटतो.

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम धातूचे ऑक्साईड. भट्टीत चुनखडी भाजून तो होतो. पाणी मिळताच तो तापतो. १ किलो चांगला चुना विरताना सुमारे ३ लिटर थंड पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता निघते. म्हणून चुन्याच्या ढिगावर तांब्याभर पाणी ओतले की जागीच उकळी फुटते आणि रबडी तोंडावर उडते. आपण नेमके हेच करतो! आधी ५ लिटर पाणी मातीच्या मोठ्या भांड्यात घ्यावे, त्यात चुना थोडा थोडा सोडावा, लांब काठीने ढवळावे, वर वाकू नये. झाकण घट्ट लावू नये. थंड झाल्यावर गाळून मगच उरलेल्या ५ लिटर पाण्यात विरघळवलेले मोरचूद त्यात मिसळावे.

भुकटी असेल तर पोते वाऱ्याकडे पाठ करून सोडावे. ती नाकात गेली की खोकला लागतो, घामावर बसली की कातडी भाजते. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, नाकाला फडके आणि डोळ्यांना बंद चष्मा हवा. अंगावर सांडल्यास कोरडी भुकटी आधी झटकावी, मग भरपूर पाण्याने धुवावे.

माझ्या चुलत्यांच्या डोळ्यात असाच चुना उडाला. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळा चोळला, कोणी तूप घातले, आणि गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. बुबुळावर पांढरा पडदा आला तो कायमचा. बागेत त्यांच्या शेजारीच २०० लिटर पाण्याचे पिंप भरलेले होते.

चुना डोळ्यात आतवर उतरत जातो, त्यामुळे पहिली काही मिनिटेच महत्त्वाची. चोळू नये. पापण्या उलगडून, दिसणारे कण ओल्या स्वच्छ फडक्याने टिपून, निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार धरावी. लिंबू, तूप, दूध काही घालू नये. मग लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, वाटेतही पाणी सोडत राहावे. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यांना इजा होते, तेथेही उपाय हाच.

उरलेला चुना झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा, कडब्याजवळ नको. गळक्या छपराखाली पाणी लागले तर त्या उष्णतेने कडबा पेटू शकतो.