माप आणि माया

म्हैसूरची थंडी ही थंडीच नव्हे, असे उत्तरेकडून आलेले पाहुणे म्हणतात आणि त्यात बरेच तथ्य आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसलेल्या या नगरीत दसऱ्याची धामधूम ओसरली, की पहाटेच्या हवेत गारवा येऊ लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 16-17 अंशांच्या आसपास उतरतो. दुपारी मात्र तोच 28 अंशांच्या घरात जातो. भल्या सकाळी कुडकुडत चामुंडीच्या पायऱ्या चढू लागलेला मनुष्य वाटेवरच्या नंदीपाशी पोहोचतो तो घाम पुसतच. अशा हवेला डोक्यावरून ओढून घालावा लागणारा जाड स्वेटर गैरसोयीचाच. पुढून उघडणारा, हवा तेव्हा घालावा आणि नको तेव्हा काढून हातावर टाकावा असा कार्डिगन हेच येथले खरे नित्याचे वस्त्र होय.

हे सौम्य वस्त्र आपले नाव घेऊन आले ते मात्र रणांगणावरून. 1854 साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा येथे इंग्रज घोडदळाने रशियन तोफांवर जो प्रसिद्ध हल्ला चढविला, त्याचा म्होरक्या होता कार्डिगनचा अर्ल. त्याचेच नाव या स्वेटराला मिळाले. गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी जाणारी रॅग्लन बाही त्या मोहिमेच्या सेनापतीच्या नावाने ओळखली जाते. आणि आपली माकडटोपी इंग्रजीत त्या गावाच्या नावाने. हल्ला फसला, कपडे मात्र टिकले.

लोकर आपल्या दख्खनला नवी नाही. महाराष्ट्रातील धनगरांची घोंगडी आणि कर्नाटकातील कुरुबांची कंबळी ही एकाच पठाराची लेकरे. पण ती लोकर राठ असते आणि घोंगडी मागावर विणली जाते. घोंगडी कोणाचेही माप घेत नाही. आजोबांनी पांघरावी, नातवाने पांघरावी, पावसात डोक्यावर खोळ करून घ्यावी. ती साऱ्या घराची असते. दोन सुयांवर विणलेला स्वेटर मात्र एकाच माणसाचा असतो. म्हणून त्याचा खरा आरंभ लोकरीच्या गुंड्यापासून होत नाही, तर माप घेण्याच्या टेपापासून होतो.

येथे अनेकांचा धीर सुटतो. पुस्तकात सांगितले तितके टाके सुईवर घातले, की काम सुरू. पण पुस्तकाला आपला हात ठाऊक नसतो. कोणी घट्ट विणतो, कोणी सैल. छाती 36 इंच असेल आणि आतल्या कपड्यासाठी 4 इंचांचा सैलपणा ठेवायचा असेल, तर घेर 40 इंच हवा. इंचाला साडेपाच टाके बसत असतील, तर साऱ्या घेराला 220 टाके लागतील. आता हात किंचित सैल पडून इंचाला पाचच टाके बसले, तर तेच 220 टाके 44 इंच भरतील. अर्ध्या टाक्याचा फरक चार इंचांवर जातो आणि महिन्याभराची मेहनत खांद्यावरून ओघळू लागते.

यावर उपाय जुनाच आहे. प्रथम त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर पाच-सहा इंचांचा चौकोन विणावा. तो धुवावा, सपाट पसरून वाळवावा आणि कडा सोडून मधल्या चार इंचांतले टाके मोजावेत. टाके कमी भरले, तर बारीक सुई घ्यावी. जास्त भरले, तर जाड. या कामी गेलेली संध्याकाळ वाया जात नाही.

दुसरी गोष्ट, साधेपणाची. रोजच्या स्वेटरला वेलबुट्टीची गरज नसते. अंग सुलट-उलट ओळींचे असावे. खालची कड आणि मनगट एक सुलट, एक उलट अशा विणीचे असावे. त्या विणीत अंगचाच ताण असतो, त्यामुळे ती अंगाला धरून राहते. शोभा येते ती बेतामुळे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच संपावी. गळा मागून इंचभर उंच असावा, म्हणजे स्वेटर पाठीकडे ओढला जात नाही. छातीच्या सर्वांत भरदार भागासमोर एक काज यावे, म्हणजे बटणांमध्ये फटी पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तके सांगणार नाहीत, कारण त्यांनी पदर पाहिलेला नसतो. साडीवर घालावयाचा कार्डिगन असेल, तर माप पदरावरूनच घ्यावे, मुंढा थोडा ऐसपैस ठेवावा आणि लांबी कमरेच्या हाडापाशी थांबवावी; नाहीतर निऱ्यांपाशी तो गोळा होतो. मुलांचा स्वेटर गळ्याकडून खाली विणावा. मूल वाढले, की कड उसवून टाके पुन्हा सुईवर घ्यावेत आणि दोन इंच पुढे विणावेत. आपल्या घरांत जुना स्वेटर उसवून, लोकरीची लड करून, धुऊन पुन्हा वापरण्याची रीत होती. काटकसरीइतकीच ती वस्तूविषयीच्या आदराचीही रीत होती.

तयार स्वेटर बाजारात स्वस्त मिळत असता हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. सरकारी नोकरीत सरासरीशी माझा रोजचा संबंध येतो आणि सरासरी आवश्यक असते, हे मी जाणतो. पण सरासरी माणूस अद्याप मला कोठे भेटलेला नाही. कारखान्याचा स्वेटर त्या न भेटलेल्या माणसासाठी विणलेला असतो. आपल्या घरातील वृद्धांची पाठ वाकलेली असते, एक खांदा उतरलेला असतो, सुजलेल्या सांध्यांच्या बोटांना बारीक बटण लावता येत नाही. त्यांच्यासाठी पाठीची लांबी इंचभर अधिक धरणे आणि काजे मोठी ठेवणे हे घरच्या हातालाच सुचते.

माया पुष्कळांच्या ठिकाणी असते; ती मोजून देण्याची तसदी थोडेच घेतात. ज्याने आपले माप नीट घेतले, त्याने आपल्याकडे नीट पाहिले असे समजावे. थंडी थोडी असो वा फार, त्या पाहण्याची ऊब अंगाला मिळतेच.