वर्गातील संगणक आणि मागच्या बाकावरचे मूल

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात शाळेचा वर्ग आणि संगणक या विषयावर चार शब्द मांडण्याची जबाबदारी आम्हांवर सोपविण्यात आली आहे. हा विषय तज्ज्ञांचा आहे असे म्हणून तो आपणांस बाजूला सारता येणार नाही. येथे ब्रिटनमध्ये आपली मुले शाळेत आणि घरी पडद्यासमोर बसून धडे गिरवितात. आणि आपल्या मूळ गावच्या शाळेला काही द्यावे असा विचार निघाला, की पहिले नाव निघते ते संगणकाचे. म्हणजे आपण एकाच वेळी पालकही आहोत आणि दातेही. या दोन्ही नात्यांनी आपण एकच प्रश्न विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते: या यंत्रामुळे वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाचे काय भले होते?

प्रथम या देशाचाच अनुभव पाहू. १९८१ साली बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने 'बीबीसी मायक्रो' हा संगणक तयार केला. शाळांनी तो घ्यावा म्हणून सरकारने किमतीचा अर्धा भार उचलला. परंतु केवळ यंत्र देऊन हा प्रकल्प थांबला नाही. त्याच्या जोडीला दूरदर्शनवरील कार्यक्रम होते, पुस्तके होती. त्या यंत्रासमोर बसलेले मूल स्वतः आज्ञा लिहीत असे आणि यंत्र ती पाळत असे. पुढे २०१४ साली इंग्लंडच्या अभ्यासक्रमात पाच वर्षांच्या मुलापासून संगणनाचा विषय आला, आणि २०१६ साली अकरा-बारा वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांना तळहातात सहज मावणारा 'मायक्रो:बिट' विनामूल्य देण्यात आला. या साऱ्यामागील विचार एकच होता. मुलाने यंत्राचे केवळ गिऱ्हाईक होऊ नये, त्याचे धनी व्हावे.

परंतु यंत्र दिले म्हणजे विद्या दिली, असे मात्र नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या योजनेखाली लाखो लॅपटॉप खेड्यापाड्यांतील शाळांत वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात मुलांच्या गणितात आणि भाषेत काही सुधारणा झाल्याचे आढळले नाही. यंत्रे पोहोचली होती. मात्र त्यांचा उपयोग करून शिकवावे कसे, हे शिक्षकांपर्यंत पुरेसे पोहोचले नव्हते.

याच्या उलट अनुभव दिल्लीचा. तेथे सरकारी शाळांतील सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेबाहेर चालविलेल्या केंद्रांची पाहणी झाली आणि २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहावीतील सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे असल्याचे त्यात दिसले. सहावीचे पुस्तक समोर ठेवून अशा मुलाला शिकविणे म्हणजे पायऱ्या न बांधता माडीवर बोलावणे होय. या केंद्रांत मूल दररोज ४५ मिनिटे संगणकासमोर बसे. मूल जेथे अडले असेल तेथूनच संगणक प्रश्न विचारी; उत्तर चुकले तर एक पायरी खाली येई, बरोबर आले तर एक पायरी वर नेई. उरलेली ४५ मिनिटे लहान गटात माणूस शिकवीत असे. अवघ्या साडेचार महिन्यांत या मुलांची गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती झाली.

पेरूच्या यंत्रापेक्षा दिल्लीचे यंत्र अधिक भारी होते, असे नव्हे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला प्रत्येकाची अडलेली जागा शोधणे कठीण असते. यंत्राने ती जागा शोधून दिली आणि शिकविण्याचे काम माणसाने केले. संगणकाचा खरा उपयोग हाच.

बंधुभगिनींनो, या विषयाची दुसरी बाजू अधिक वेदनादायक आहे. साताऱ्याच्या शाळेत बालवयातील बाबासाहेबांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागत असे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे. शिपाई हजर असेल तरच पाणी मिळे, हे आपण सारे जाणतो. नाव हजेरीपटावर आहे, पण वर्गात बरोबरीचे स्थान नाही, अशी ती अवस्था होती. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले, तेव्हा लाखो मुलांचे नाव पटावर राहिले आणि वर्ग मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर गेला. त्यापूर्वी, २०१७-१८ साली, भारत सरकारने केलेल्या नमुना पाहणीत ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. ज्या घरात एकच मोबाईल, आणि तोही बापाच्या खिशात मजुरीच्या जागी, त्या घरातील मुलीने कोणत्या वर्गात बसावे? या देशातही लॅपटॉप नसलेली मुले निघालीच. सरकारला १० लाखांहून अधिक लॅपटॉप आणि टॅबलेट वाटावे लागले. ही दोन दुःखे एक नव्हेत; पहिले जातीने लादले होते, दुसऱ्यात गरिबीचा मोठा वाटा आहे. परंतु वर्गाबाहेर बसावे लागलेल्या मुलाच्या मनावरचा ओरखडा आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच वर्गात येणारे प्रत्येक नवे साधन कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे तपासण्याचा अधिकार आपला आहे आणि कर्तव्यही आपलेच आहे.

असे साधन मुलाला आत घेऊ शकते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली तेथे रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापले. मोबाईल त्या चौकोनी चिन्हावर धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे, स्वाध्याय समोर येई. २०१७ साली राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड देण्याचे जाहीर केले. २०२० साली डिसले यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की महागडी प्रयोगशाळा उभारून या कामाची सुरुवात झाली नाही. पुस्तक होतेच, मोबाईल गावात येऊ लागला होता, शिक्षकाने त्या दोहोंची गाठ घालून दिली.

आता आपण काय करावे? २०२३-२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातील सुमारे ५७ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. तेव्हा गरज निश्चित आहे. परंतु संगणकाचे खोके पाठविण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. शाळेत वीज नियमित असते काय आणि तिचे बिल कोण भरते? यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी तरी आहे काय? त्यातील पाठ मराठीत आहेत काय? आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: ते वापरण्याची हौस असलेला एक तरी शिक्षक तेथे आहे काय? तसा शिक्षक असेल तर जुना संगणकही चालेल. नसेल तर नवा संगणकही फीत कापल्यानंतर कपाटात जाईल आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात राहील. म्हणून आपल्या देणगीचा काही भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि देखभालीसाठी राखून ठेवावा. आपल्यापैकी जे परदेशी नागरिक झाले आहेत, त्यांनी भारतातील संस्थेस देणगी देताना ती संस्था परकीय अंशदान कायद्याखाली नोंदलेली आहे याचीही खात्री करून घ्यावी.

पालक म्हणूनही आपले काम आहे. मूल पडद्यासमोर बसले म्हणजे ते शिकतेच असे मानू नये. आज काय केलेस, ते मला समजावून सांग, असे त्याला विचारावे. जे दुसऱ्याला सांगता येते तेच खरे शिकलेले असते. स्वीडनसारख्या प्रगत देशानेही २०२३ साली लहान मुलांच्या हाती पुन्हा छापील पुस्तक देण्याकडे पावले वळविली, हे विसरू नये. आणि मराठीची चिंता करणाऱ्या आपल्या घरांसाठी एक सोय मुद्दाम सांगतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात. परितेवाडीतील मूल जो मराठी धडा वाचते, तोच धडा बर्मिंगहॅममधील आपले मूल त्याच दिवशी वाचू शकते. आजी-आजोबांनी शेजारी बसून तो वाचून घेतला, तर याहून चांगला वर्ग कोणता?

फळ्यावरची अक्षरे दारातून पाहण्याची वेळ ज्यांच्या पूर्वजांवर आली, त्या आपण सर्वांनी नव्या फळ्याकडे भाबडेपणाने पाहू नये आणि भयानेही पाहू नये. देताना संगणकांची संख्या मोजण्याऐवजी, मागच्या बाकावरच्या मुलाचा हात त्या यंत्रापर्यंत पोहोचला की नाही, हे पाहावे. पुढील मेळाव्यात आपल्या मदतीचा हिशेब मांडला जाईल, तेव्हा रुपये आणि पौंड यांच्याबरोबर हाही एक रकाना त्यात असावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! जय भारत!