तिथीची पाऊणपट



बोईसरच्या कॉलनीतून रात्री वर पाहिलं, तर कारखान्यांच्या उजेडात मोजक्याच चांदण्या दिसतात. चंद्र मात्र दिसतोच. आकाशाची ओळख त्याच्यापासून करून घेऊ, कारण किनाऱ्यावर ती ओळख जीव वाचवू शकते.

रविवारी आपण मुलांना घेऊन चिंचणीला, केळव्याला जातो. वाळूत चपला काढून ठेवतो आणि तासाभराने पाणी तिथवर आलेलं असतं. हे प्रामुख्याने चंद्राचं काम. तो सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे. त्याच्या ओढीने समुद्र त्याच्या बाजूला फुगतो, तसाच पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो, म्हणून दिवसात साधारण दोनदा भरती. तेवढ्यात चंद्रही पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते.

सूर्यही पाणी ओढतो. तो चंद्राहून प्रचंड मोठा, पण सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर. त्यामुळे भरतीतला त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे कमी जोराची.

अमावास्येला चंद्र कुठे जात नाही. तो सूर्याच्या दिशेला असतो, त्याची उजळलेली बाजू पलीकडे असते, म्हणून दिसत नाही. ती रात्र अशुभ नाही. पण दर्या जोरात असतो, हे सातपाटीच्या कोळीणबाईला सांगावं लागत नाही.

कोकणकिनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल, तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पाणी त्याआधी सहा तास चढत असतं. हा अंदाज आहे, म्हणून गेल्यावर स्थानिक कोळीबांधवांना विचाराच. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नका.

तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असतेच. पुढच्या वेळी डबे भरण्याआधी तेवढी बघा आणि हिशेब मुलांकडून करून घ्या.