अडलेल्या गायीचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. मी गायीच्या विणीवर बोलणार आहे. कपाशी, ज्वारी वर्षातून एकदा पैसा दाखवते, तोही पाऊस टिकला तर. रोजचं तेल-मीठ दुधावर चालतं. आणि ती दुभती गाय व्याल्यावर पंधरा दिवसांत नासते, ती पुष्कळदा आपल्याच हातांनी.

गाय अडली की चार गडी जमतात, दोर लावतात, जोर करतात. हात धुतले का, हे कोणी विचारत नाही. विणताना गर्भाशयाचं तोंड उघडं असतं, गोठ्यातले जंतू आत जातात. सोप्या विणीतही जातात, पण तेव्हा गाय ते स्वतःच बाहेर टाकते. ओढाताणीत आतलं अस्तर फाटलं, गर्भाशय थकलं, वार अडकली, की तेच जंतू आत वाढतात.

वार बहुतेक वेळा १२ तासांच्या आत पडते. २४ तास उलटले तर ती अडकली असं समजा. इथंच आपण घात करतो. कोणी लोंबत्या वारेला दगड बांधतो, कोणी जुनी चप्पल. कोणी जाणकार म्हणवणारा कोपरापर्यंत हात घालून ती ओढून काढतो आणि वर दक्षिणा घेतो. वार आत बटणांसारख्या गाठींना चिकटलेली असते. ओढली की गाठी सोलतात, तुकडा आत राहतो. ताप असलेल्या गायीची वार तर मुळीच ओढू नये. मातीत लोळते तेवढीच कापा, बाकीची बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप सुटते. गाय गाभटली असेल तर वारेला उघडा हात लावू नका. ब्रुसेलाचा रोग माणसालाही लागतो.

व्याल्यावर तांबूस, बिनवासाची घाण दोनेक आठवडे जाते, तिला घाबरायचं कारण नाही. पण पहिल्या दहा दिवसांत पातळ, तांबडी-करडी, कुजका वास मारणारी घाण आली, गाय वैरण टाकू लागली, दूध उतरलं, अंगात १०३ अंशांच्या वर ताप भरला, तर गर्भाशय सडतंय. हा वास पहिल्यांदा येतो तो शेण काढणाऱ्या बाईला. तिचं ऐका, आणि घरात एक थर्मामीटर ठेवा. अशा गायीला प्रतिजैविकाची इंजेक्शनं लागतात, डॉक्टर सांगतील तितके पूर्ण दिवस. एक सुई मारून थांबू नका. औषध चालू असताना आणि नंतर ते सांगतील तेवढे दिवस दूध डेअरीला घालू नका.

आता पैशाचं बघू. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण ४० दिवस लागतात. आत पू राहिला तर गाय माजावर येते, भरवली की उलटते. आपण शिव्या घालतो रेतन करणाऱ्याला. प्रत्येक उलटण्याला २१ दिवस जातात. तीनदा उलटली की ६३. चारा-पेंडीचे दिवसाला फक्त ८० रुपये धरले तरी ५,०४० रुपये झाले, दुधाचा खाडा वेगळाच.

२००६ च्या पंतप्रधान पॅकेजात विदर्भातल्या ६ जिल्ह्यांत दुभती जनावरं वाटली गेली. कोरडवाहू गावात त्यांना चारा कुठला आणि रात्री विणीला डॉक्टर कुठला, याचा विचार वाटणाऱ्यांनी केला नाही. निदान आपण तरी करू. चणीनं लहान कालवडीला पहिल्या वेताला होल्स्टिनचं रेत भरवू नका. वासरू मोठं होतं आणि अडतं. जर्सी घ्या, किंवा आपली देवणी, गवळाऊ.

पाण्याची पिशवी फुटून दोन तासांत वासरू पुढं सरकलं नाही तर दोर शोधू नका, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला १९६२ वर फोन करा. फोन किती वाजता केला आणि गाडी किती वाजता आली, की आलीच नाही, हे वहीत लिहा. तालुक्याच्या पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. पशुसंवर्धन खात्यापुढं ठेवायला आपल्याला त्या वेळा लागतील.